शेक-केमोच्या दिवसांत प्रोबायोटिक: पैसा कुठे घालावा, कुठे राखावा

पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातल्या कर्करुग्णाची वाट बहुतेक वेळा नागपूरला जाते. पांढुर्ण्याहून शंभरेक किलोमीटर, सौंसरहून साठ-सत्तर. कुणी तुकडोजी चौकातल्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करुग्णालयात जातं, कुणी जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये, कुणी एम्समध्ये, तर कुणी थेट ‘मेडिकल’ला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू होतो. पहिला आठवडा बरा जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गर्भाशयमुखाच्या किंवा गुदाशयाच्या रुग्णाला ढाळ लागतात, तोंडा-गळ्याच्या रुग्णाचं तोंड येतं. मग कुणीतरी सांगतं की पोटातले चांगले जंतू मेले असतील, त्याची गोळी मिळते, ती द्या. दुकानदार काउंटरवर तीन-चार पाकिटं मांडतो. एक दहा रुपयांची, एक पन्नासची. कोणतं घ्यावं, किती दिवस घ्यावं आणि घ्यावं तरी का, हे त्या घाईत कुणी सांगत नाही.

निष्कर्ष आधीच सांगतो, म्हणजे घाईत वाचणाऱ्याच्या कामी येईल. ओटीपोटावर शेक चालू असेल, रक्तातल्या पांढऱ्या पेशी ठीक असतील आणि कर्करोगतज्ज्ञांनी होकार दिला असेल, तर प्रोबायोटिकवर हजार-दीड हजार रुपये खर्च करायला हरकत नाही. ढाळ कमी होण्याची शक्यता आहे, खात्री नाही. बाकीच्या बहुतेक रुग्णांनी तो पैसा राखून ठेवावा. आणि काही रुग्णांना ही गोळी चक्क धोक्याची आहे.

दुकानात मिळतं काय आणि पडतं किती

पुढचे भाव ढोबळ आहेत. ब्रँड बदलला की आकडा बदलतो, म्हणून पाकिटावरची एमआरपी वाचूनच हिशेब करा.

सगळ्यांत स्वस्त म्हणजे लॅक्टोबॅसिलस किंवा दोन-चार जातींच्या मिश्रणाची साधी कॅप्सूल, एक साधारण दहा ते वीस रुपयांना. बॅसिलस क्लॉसीची पाच मिलिलिटरची प्यायची कुपी पन्नास ते ऐंशी रुपयांच्या घरात. सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टची पुडी किंवा कॅप्सूल पस्तीस ते साठ. अनेक जातींची, फार मोठ्या मात्रेची कॅप्सूल किंवा पुडी तीस ते सत्तर किंवा त्याहूनही वर. शिवाय मोठ्या किराणा दुकानात मिळणाऱ्या प्रोबायोटिक दुधाच्या छोट्या बाटल्या. त्यांत साखर असते, मधुमेही रुग्णाने लक्षात ठेवावं.

एका गोळीचा भाव फसवा असतो, कारण ती एकदा घेऊन भागत नाही. ओटीपोटाचा शेक साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतो, त्यानंतर गर्भाशयमुखाच्या रुग्णाला आतून दिला जाणारा शेक. म्हणजे गोळी सहा आठवडे धरा, बेचाळीस दिवस. दिवसाला दोन साध्या कॅप्सूल, बारा रुपयांची एक, तर झाले 1,008 रुपये. तेच पंचेचाळीस रुपयांच्या यीस्टच्या पुडीने केलं तर 3,780. पन्नास रुपयांची मोठ्या मात्रेची पुडी दिवसातून तीनदा घेतली तर 6,300. शेताच्या हंगामावर चालणाऱ्या घराला 1,008 आणि 6,300 यांतला फरक लहान नाही. महाग पुडीने ढाळ सहापट कमी होतात, असं कोणत्याही चाचणीत दिसलेलं नाही.

चाचण्यांत नेमकं काय आढळलं

इटलीत 2007 साली प्रसिद्ध झालेली एक मोठी चाचणी नेहमी सांगितली जाते. ओटीपोटाच्या कर्करोगासाठी शेक घेणारे 490 रुग्ण होते. निम्म्यांना व्हीएसएल#3 नावाचं आठ जातींचं मिश्रण, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी पुडी. मिश्रण घेणाऱ्यांपैकी 31.6 टक्क्यांना ढाळ लागले, रिकामी पुडी घेणाऱ्यांपैकी 51.8 टक्क्यांना. थायलंडमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या 63 स्त्रियांवर चाचणी झाली, ती 2010 साली छापून आली. तिथे लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम बायफिडम दिलेल्यांपैकी 9 टक्के स्त्रियांना मध्यम ते तीव्र ढाळ लागले, न दिलेल्यांपैकी 45 टक्क्यांना.

आकडे आशादायक आहेत. पण 2018 साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय गटाने अशा बारा चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा पुरावा कमकुवत किंवा फारच कमकुवत ठरवला. बहुतेक चाचण्या लहान, प्रत्येकीत जंतू वेगळे, मात्रा वेगळी. कर्करोगाच्या त्रासावर काम करणाऱ्या तज्ज्ञांची मॅस्क ही आंतरराष्ट्रीय संघटना ओटीपोटाच्या शेकात ढाळ टाळण्यासाठी लॅक्टोबॅसिलस असलेलं प्रोबायोटिक सुचवते, तेही ठाम शिफारस म्हणून नव्हे, सूचना म्हणूनच. माझ्या मते हीच भूमिका योग्य आहे: ओटीपोटाच्या शेकापुरतं ‘विचारून घ्या’, त्यापलीकडे नाही.

दुकानात एक गोष्ट कुणी बोलत नाही. त्या इटालियन चाचणीतल्या एका पुडीत दर ग्रॅममागे 450 अब्ज जिवाणू होते आणि रुग्ण दिवसातून तीन पुड्या घेत होते. आपल्याकडच्या साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा एक ते पाच अब्ज असतात. म्हणजे शेकडो पटींचा फरक. त्या चाचणीचं नाव सांगून ही कॅप्सूल खपवली जात असेल तर तो दावा धरू नका. थायलंडच्या चाचणीतले जिवाणू मात्र साध्या कॅप्सूलमध्येही सापडतात, म्हणून पाकिटावर ती दोन नावं शोधणं शहाणपणाचं. व्हीएसएल#3 या नावाचीही एक गुंतागुंत आहे. 2016 नंतर अमेरिकेत त्या नावाखाली वेगळं मिश्रण विकलं जाऊ लागलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. पाकिटावरचं नाव तेच राहिलं तरी आतला माल तोच असतो असं नाही.

तोंड आलं असेल तर

आपल्या भागात खर्रा किती खाल्ला जातो हे सांगायला नको. त्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्णही पुष्कळ. त्यांचा शेक सहा-सात आठवडे चालतो आणि तोंडात असे फोड येतात की भाकरीच काय, पाणीही उतरत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये 200 रुग्णांवर एक चाचणी झाली, ती 2012 साली प्रसिद्ध झाली. लॅक्टोबॅसिलस ब्रेव्हिस सीडी2 या जातीच्या चघळायच्या गोळ्या दिवसातून सहा. गोळ्या घेणाऱ्यांपैकी 52 टक्क्यांचं तोंड गंभीर प्रमाणात आलं, न घेणाऱ्यांपैकी 77 टक्क्यांचं. आपल्याच देशातला, आपल्यासारख्याच रुग्णांवरचा हा अभ्यास आहे, म्हणून तो महत्त्वाचा.

आता खर्च पाहा. गोळी पंचवीस रुपयांची निघाली असं समजा. दिवसाचे दीडशे, सात आठवड्यांचे 7,350 रुपये. पुढे 2019 साली इटलीतल्या 75 रुग्णांच्या चाचणीत याच गोळ्यांची तुलना खाण्याच्या सोड्याच्या गुळण्यांशी केली गेली, आणि गोळ्या सरस ठरल्या नाहीत. सोड्याची पुडी दहा-वीस रुपयांना किराणा दुकानात मिळते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा सोडा आणि एक चमचा मीठ, दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या, जेवणानंतर आणि झोपताना हटकून. गुळणीचं पाणी थुंकून टाकायचं, रोज नवं करायचं. ज्या घरात सात हजार रुपये काढणं जड आहे, त्या घराने गोळ्यांसाठी कर्ज काढू नये. सोड्याच्या गुळण्या नेमाने कराव्यात आणि वाचलेला पैसा अंडी, डाळ, दूध, पातळ खिचडीवर घालावा. या दिवसांत वजन उतरलं तर शेक मध्येच थांबवायची पाळी येते. बागेतली संत्री घरात असली तरी फोड आलेल्या तोंडाला आंबट रस झोंबतो, तो तेवढ्या दिवसांपुरता बाजूला ठेवा.

तोंडात पांढरा थर धरला की डॉक्टर बुरशीवरचं फ्लुकोनाझोलसारखं औषध देतात. त्याच वेळी सॅकरोमायसिस बोलार्डीची पुडी चालू असेल तर ती फुकट जाते, कारण बोलार्डी हे यीस्ट आहे आणि ते औषध यीस्टच मारतं. दोन्ही पाकिटं एकाच पिशवीतून घरी येतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

कुणी अजिबात घेऊ नये

हा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचावा. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू. निरोगी माणसाच्या आतड्यात ते निमूट राहतात. केमोनंतर मात्र साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात, आतड्याचं अस्तर सोललेलं असतं, आणि तेच जंतू रक्तात शिरू शकतात. असं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण, अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेले, पेशी खूप उतरलेले, अतिदक्षता विभागातले रुग्ण, यांनी कुणाच्याही सांगण्यावरून हे घेऊ नये. छातीत किंवा मानेत सेंट्रल लाइन किंवा पोर्ट बसवलेला असेल तर बोलार्डी पूर्ण वर्ज्य. युरोपच्या औषध नियामकाने तशी स्पष्ट सूचना दिलेली आहे. अशा रुग्णाच्या खोलीत ती पुडी फोडूही नये, कारण उडालेली पूड हाताला लागून लाइनपर्यंत पोचू शकते.

दुसरा गट इम्युनोथेरपी घेणाऱ्यांचा. हे उपचार श्रीमंतांचेच, असं आता म्हणता येत नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅबची फक्त 20 मिलिग्रॅमची मात्रा दर तीन आठवड्यांनी देऊन फायदा होतो हे 2022 साली दाखवलं, आणि त्यामुळे हा उपचार सामान्य रुग्णाच्या आवाक्यात येऊ लागला. अमेरिकेतल्या एका अभ्यासात 2021 साली दिसलं की इम्युनोथेरपीवरच्या त्वचाकर्करुग्णांत जे पुरेसा चोथा खात होते आणि दुकानातली प्रोबायोटिक घेत नव्हते, त्यांना उपचार अधिक लागू पडला. अभ्यास एका प्रकारच्या कर्करोगापुरता आहे, पण तेवढा इशारा पुरे. तुमच्या सलाईनमधून कोणतं औषध जातंय हे कागदावर लिहून घ्या, आणि ते इम्युनोथेरपीचं असेल तर विचारल्याशिवाय प्रोबायोटिक नको.

उतरलेल्या पेशींच्या धोक्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रक्ताची सीबीसी तपासणी. गावातल्या लॅबमध्ये साधारण दीडशे ते साडेतीनशे रुपयांत होते. केमोआधी ती नाहीतरी करावीच लागते. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवून विचारायचं, ‘या पेशींवर प्रोबायोटिक चालेल का?’ हजार रुपयांची गोळी घेण्याआधी हा प्रश्न फुकट आहे.

घ्यायचंच ठरलं तर पाकिटावर काय वाचायचं

जंतूचं पूर्ण नाव हवं, जातीच्या पुढची अक्षरं-आकडे धरून. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलं असेल तर ते अर्धवट. किती जिवाणू आहेत हा आकडा हवा, आणि तो मुदत संपेपर्यंतचा हवा, कारखान्यातून निघतानाचा नव्हे. साठवणुकीचं तापमान हवं. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांत हे सगळं सांगितलेलं आहे. पाकिटावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि एफएसएसएआयचा क्रमांक असेल, तर ती वस्तू अन्न म्हणून विकली जाते, औषध म्हणून नाही. ‘कर्करुग्णांसाठी खास’ अशी कुणी तोंडी ग्वाही दिली तरी ती मानायचं कारण नाही.

आपल्याकडचा उन्हाळा इथे आडवा येतो. मे महिन्यात पारा चाळीसच्या बराच वर जातो. फ्रिजमध्ये ठेवायची कॅप्सूल नागपुरात घेऊन बसच्या टपावरच्या बॅगेत पांढुर्ण्याला आणली, तर घरी पोचेपर्यंत आतल्या जिवाणूंचं काय उरलं असेल याचा भरवसा नाही. फ्रिजची अट असलेला माल गावातच, फ्रिज चालू असलेल्या दुकानातून, आठवड्यापुरताच घ्या. बॅसिलस क्लॉसी बीजाणूंच्या रूपात असतो, तो उष्णता सोसतो. कोणतीही पुडी गरम चहा-दुधात मिसळू नका. अँटिबायोटिक चालू असेल तर जिवाणूंच्या कॅप्सूलमध्ये आणि त्यात दोन तासांचं अंतर ठेवा.

दही-ताकाचं काय, असं प्रत्येक घर विचारतं. घरचं दही उत्तम अन्न आहे. शेकामुळे दूध पचेनासं झालेल्यालाही ते बऱ्याचदा चालतं, प्रथिनं मिळतात, पाणी जातं पोटात. मात्र विरजणात कोणते जिवाणू किती आहेत हे मोजलेलं नसतं, म्हणून त्याला औषध समजू नका. दूध नीट उकळलेलं असावं, भांडं उकळत्या पाण्याने धुतलेलं, दही त्याच दिवशीचं. बाजारातली लस्सी, उघड्यावरचं ताक, दोन दिवसांची आंबील या काळात नको. पेशी उतरलेल्या दिवसांत घरचं दहीही आहारतज्ज्ञांना विचारूनच.

पहिला रुपया कुठे

ढाळ लागलेल्या रुग्णाला मारतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जाणं. म्हणून प्रोबायोटिकच्या आधी घरात ओआरएसच्या दहा पुड्या हव्यात. एका लिटरची जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी वीस-पंचवीस रुपयांना मिळते. त्यात 20.5 ग्रॅम पूड असते आणि ती पूर्ण पुडी एका लिटरमध्येच घालायची, अर्धी पुडी पेल्यात नाही. गोड चवीच्या खोक्यातल्या पेयांना ओआरएस समजू नका. त्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव छापायला एफएसएसएआयने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली आहे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. ढाळ थांबवणारी लोपेरामाइडची गोळी चार-पाच रुपयांत मिळते, पण ताप किंवा जंतुसंसर्ग असताना ती घातक ठरू शकते, म्हणून शेकाच्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडून ‘केव्हा आणि किती’ हे लिहून घ्या. या दोन्ही गोष्टी जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त पडतात. जवळचं केंद्र ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर सापडतं.

कागदपत्रांचा एक मुद्दा आपल्या सीमेवरच्या लोकांसाठी खास. भाषा मराठी, बाजार नागपूरचा, पण जिल्हा मध्य प्रदेशातला. 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा पांढुर्णा आणि सौंसर या दोनच तहसिलींचा आहे. त्यामुळे महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आपल्या रेशनकार्डावर मिळत नाही. आयुष्मान भारतचं कार्ड मात्र राज्याच्या सीमेपलीकडेही चालतं. नागपुरातल्या योजनेत असलेल्या रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार त्यावर होतो. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता वेगळं वय वंदना कार्ड मिळतं. भरतीनंतरच्या पंधरा दिवसांची औषधंही पॅकेजमध्ये धरलेली असतात. म्हणून सुट्टीच्या वेळी औषधांची चिठ्ठी बाहेर नेण्याआधी रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्य मित्राला दाखवा. शंका असेल तर 14555 वर फोन करा. स्वतःहून दुकानातून घेतलेलं प्रोबायोटिक यात बसत नाही, तो खर्च खिशातलाच.

प्रवासाचाही पैसा वाचतो. उपचाराला जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला त्याच डब्यांत 75 टक्के. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. महिनाभराच्या फेऱ्यांत वाचलेली ही रक्कम साध्या प्रोबायोटिकच्या संपूर्ण खर्चाएवढी सहज होते.

सुरू केलेलं प्रोबायोटिक किती दिवस द्यायचं, याचं उत्तर शेकाच्या वेळापत्रकात आहे. डॉक्टरांनी होकार दिला तर शेकाच्या पहिल्या दिवसापासून द्यावं, कारण वर सांगितलेल्या चाचण्या ढाळ लागू नयेत म्हणून केलेल्या होत्या, लागलेले थांबवण्यासाठी नव्हे. शेक संपून पोट ताळ्यावर आलं की बंद करावं. मध्ये ताप आला, पेशी उतरल्या किंवा भरती व्हावं लागलं, तर त्याच क्षणी बंद करून डॉक्टरांना कळवावं. वर्षभर चालू ठेवण्याला आधार नाही.

घरात थर्मामीटर नसेल तर आजच घ्या, दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो. केमोवरच्या रुग्णाचा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, नेहमीपेक्षा दिवसाला चारहून अधिक जादा ढाळ झाले, शौचात रक्त दिसलं किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर कोणतीही पुडी फोडत बसू नका. रात्र असली तरी गाडी काढा आणि रुग्णालय गाठा.